कुंकवाखालचं मेण

गॅलरीतल्या कढीपत्त्याला मोहोळ लागलेलं घरात पहिल्यांदा मला दिसलं. चार दिवस मी कुणाला सांगितलं नाही.

उस्मानपुऱ्यात तिसऱ्या मजल्यावर, कुंडीतल्या झाडाला माशा येतील असं कधी मनात आलं नव्हतं. संक्रांत होऊन आठ दिवस झाले होते. सकाळी पाणी घालायला गेले तर एका फांदीला तळहाताएवढा पडदा लोंबत होता आणि तो पडदा हलत होता. बारीक माशी, पोटाचा वरचा भाग तांबूस, खाली काळे-पांढरे पट्टे. गावाकडं आम्ही याला काटी मोहोळ म्हणायचो, कारण ते एकाच काटीला धरून असतं. ही माशी गरीब असते, छेडल्याशिवाय चावत नाही. मी तांब्या खाली ठेवला आणि तिथंच बसले. आतून सुनेनं हाक मारली, "आई, चहा गार होतोय," तेव्हा उठले.

पाचव्या दिवशी नातीनं बघितलं. ती चार वर्षांची आहे. "आजी, झाड हलतंय!" म्हणून ओरडली. सून पळत आली, पोरीला उचललं आणि गॅलरीचं दार लावून घेतलं.

"आई, तुम्हाला दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं."

"मग?"

मग काय, ते मला सांगता आलं नाही. माझं असंच आहे. मनात वाक्य पूर्ण असतं आणि तोंडापर्यंत येताना तुटतं. सून वाईट नाही. तिला पोरीची काळजी. तिनं कुणाला तरी फोन लावला, आणि रविवारी सकाळी औषध मारणारा माणूस येणार असं ठरलं. औषधाचा वास पोरीला नको म्हणून रविवारी ती, मुलगा आणि नात छावणीत तिच्या माहेरी जाणार. मी घरी थांबून त्या माणसाला दार उघडायचं.

"तुम्ही फक्त गॅलरी दाखवा, आई. बाकी तो करील."

मी मान हलवली.

अशीच मान मी आधी एकदा हलवली होती. ते मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. बोलता येत नाही म्हणून नातीच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहीत आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर मोठं येतं, पानं लवकर भरतात.

माझं सासर पैठणच्या रस्त्याला. लग्न होऊन गेले तेव्हा घरात थोरली जाऊ होती. मी तिला बाई म्हणते, ती मला धाकटे म्हणते. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं, पण रानातलं तिला जितकं कळायचं तितकं मी कुणात बघितलं नाही. मोहोळ कुठं लागलंय हे ती माशीच्या उडण्यावरून सांगायची. विहिरीजवळ एका फुटक्या परातीत ती खडे टाकून पाणी ठेवायची, माशांना बसून पिता यावं म्हणून. रोज. पाहुणे असोत, लग्न असो, परात भरल्याशिवाय ती भाकरी खायची नाही.

मोहोळ काढायची तिची रीत होती. मधाचा गड्डा वर असतो, काटीला धरून, आणि पिल्लांची पोळी त्याच्या खाली. ती आधी मोहोळाशी बोलायची. "बायांनो, गड्डा नेते, पोरं ठेवते." मग वरचा गड्डाच कापायची आणि खालची पोळी जुन्या लुगड्याच्या चिंधीनं पुन्हा फांदीला बांधून द्यायची. फांदी धरायचं काम माझ्या मालकांचं, म्हणजे तिच्या धाकट्या दिराचं. माशा अंगावर फिरल्या तरी ते हलायचे नाहीत. ते सगळंच सावकाश करायचे. कपभर चहाला त्यांना अर्धा तास लागायचा. म्हणून पहिला तुकडा त्यांचा. एरंडाच्या पानावर ठेवून बाई म्हणायची, "घ्या भाऊजी, तुमची मजुरी." ते तो मेणासकट चघळत बसायचे, मध संपला तरी चघळायचे. बाई म्हणायची, "आता थुंका की, म्हशीवाणी काय रवंथ करताय!"

आणि मेण माझं. बाई पोळी उकळत्या पाण्यात घालून, कापडातून पिळून, गार झाल्यावर वर आलेलं मेण काढायची. वर्षातून एकदा माझी पितळी डबी ती स्वतःच्या हातानं भरायची. कपाळाला बोटानं मेण लावायचं आणि त्यावर कुंकू. मेणावरचं कुंकू घाम आला तरी उतरत नाही. उरलेलं मेण तिळाच्या तेलात कढवून आम्ही दोघी टाचांच्या भेगांना लावायचो, रात्री उसवलेलं शिवताना दोरा त्यावरून ओढायचो. डबी उघडली की मधाचा वास यायचा. सकाळी आरशापुढं उभी राहिले की तो वास आधी यायचा आणि मग माझं तोंड दिसायचं.

पुढं भावांच्या वाटण्या झाल्या. भांडण नव्हतं. विहीर एकच राहिली, वावरं लागून राहिली. मालकांना वाळूजला कंपनीत काम लागलं, ते सकाळी जायचे आणि दिवस मावळता यायचे. त्या वर्षी दोन्ही वावरांत कांद्याचं बी धरलं होतं. कांदा पुन्हा जमिनीत लावला की त्याला दांडा येतो आणि दांड्यावर पांढऱ्या फुलांचा गोल गोंडा. फाल्गुनात सगळं रान गोंड्यांनी पांढरं झालं होतं. बांधावर उभं राहिलं की कानात एकच आवाज भरायचा. बाई सांगायची, माशी या गोंड्यावरून त्या गोंड्यावर गेली तरच बी भरतं, नाहीतर नुसतं फोलपट. फुलोऱ्यात फवारायचंच झालं तर माशा घरी गेल्यावर, दिवस कलल्यावर. हे सांगायला ती बांधाबांधानं फिरायची.

आमच्या कांद्यावर बारीक कीड पडली. मालकांनी फवारणाऱ्याला निरोप दिला, संध्याकाळी ये. तो आला सकाळी, न्याहारीच्या वेळेला. पाठीवर पंप घेऊन बांधावर उभा.

"वहिनी, संध्याकाळी मला दुसऱ्या गावाला जायचंय. आत्ताच मारून देऊ का?"

मी वावरात एकटी होते. परका माणूस. मी पदर पुढं ओढला. त्यानं औषधाची बाटली बांधावर ठेवली होती, तिच्यावरची चिठ्ठी मी वाचली. फुलोऱ्यात, माशा फिरत असताना मारू नये, असंच तिच्यावर होतं. घरातल्या बायकांत वाचता येणारी मी एकटी. बाईला येत नव्हतं तरी तिला माहीत होतं. मला माहीत होतं आणि वाचताही येत होतं. नको, एवढा एक शब्द बोलायचा होता.

"वहिनी, मारू का?"

मी मान हलवली.

दुपारपर्यंत माशा सरीत पडल्या होत्या. सगळ्या मेल्या नव्हत्या. काही पाठीवर पडून गोल फिरत होत्या, काही दांड्याला धरून चढत होत्या आणि पडत होत्या. बाई आली. खाली बसली आणि दोन्ही हातांनी माशा गोळा करून पदरात घ्यायला लागली. कशाला ते तिलाही कळत नसेल. पदर भरल्यावर तशीच बसून राहिली. मग तो आवाज बंद झालाय हे माझ्या ध्यानात आलं. वारा होता, गोंडे हलत होते, पण आवाज नव्हता.

संध्याकाळी मालक कामावरून आले तेव्हा ती आमच्या दारात उभी होती.

"भाऊजी, सकाळी फवारायला तुम्ही सांगितलं?"

ते काही बोलायच्या आत त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. मी थापायची थांबले नाही. त्यांनी तेवढंच बघितलं.

"व्हय," ते म्हणाले. "मीच सांगितलं. घाई होती."

"कंपनीत जाऊन रान विसरले काय तुम्ही?"

"चुकलं वहिनी."

ती गेली. मी वाट बघत राहिले की आता मला विचारतील. ते जेवले, हात धुतले, झोपले. पुढं कधीच विचारलं नाही.

मग आम्ही बाया रोज सकाळी हाताला मऊ कापड गुंडाळून एकेका गोंड्यावरून फिरवायला लागलो. या गोंड्यावरून त्या गोंड्यावर, माशीसारखं. बाई तिच्या वावरात, मी माझ्या, मध्ये फक्त बांध. पंधरा दिवस हात फिरवला. खांदे भरून यायचे, डोळ्यांतून पाणी वाहायचं. दिवसभरात आम्ही जेवढं करायचो तेवढं एखादं मोहोळ न्याहारीच्या आत उरकत असेल. शेवटी गोंडे चोळले तर थोडं काळं बी हाताला आलं, बाकी सगळं फुंकरीनं उडालं. माझं उडालं ते ठीकच होतं. बाईचंही उडालं.

त्या वर्षी मोहोळ नव्हतं म्हणून मेण नव्हतं. पुढच्या वर्षी मोहोळ आलं, पण बाईकडून मेण आलं नाही. बाईनं बोलणं सोडलं नाही, हसणं सोडलं. मालकांना ती पाणीसुद्धा विचारायची नाही. मग आम्ही शहरात राहायला आलो. इथं एकदा मालकांनी गुलमंडीवरून टिकल्यांचं पाकीट आणून फळीवर ठेवलं आणि दुसरीकडं बघत म्हणाले, "याला मेण लागत नाही." माझी रिकामी डबी मी टाकली नाही.

तीन वर्षांपूर्वी ते गेले. बाई दहाव्याला आली, माझा हात धरून बसली. निघताना दारात म्हणाली, "चांगला होता, पण माणूस घाईचा होता."

त्यांना घाईचं म्हणाली. चहाला अर्धा तास लावणाऱ्याला. मी तेव्हाही गप्प राहिले. तेव्हापासून त्यांच्या फोटोपुढं दिवा लावताना ते एकच वाक्य ऐकू येतं. ते वाक्य त्यांच्यावरून काढायचं एवढंच माझं एक काम राहिलंय, आणि ते माझ्यानं होत नव्हतं.

गुरुवारी घरात कुणी नसताना मी बाईला फोन लावला.

"बाई, मी बोलते."

"कोण? धाकटी? अगं, तू आणि फोन! कुणी गेलं का काय?"

"नाही नाही. मोहोळ आलंय."

"कुठं?"

"गॅलरीत. कढीपत्त्याला."

"गड्डा धरलाय का?"

"बोराएवढा."

"मग नवं हाय. हात लावू नको."

"रविवारी सकाळी औषध मारायला माणूस येणार हाय."

ती म्हणाली, "रविवारी येते मी. पण पैठणहून एसटी मिळून तिथं पोचेस्तोवर दुपार होईल. तोवर तुझं तू बघ."

रविवारी सगळे छावणीला गेले. मी दोनदा गॅलरीत जाऊन आले. साडेनऊला बेल वाजली. दारात चाळिशीचा माणूस, हातात पंप, गळ्यात मास्क.

"काकू, मॅडम का फोन आया था. मधमाशीचं काम हाय ना? गॅलरी किधर?"

मी दारातून हलले नाही.

"काकू?"

पदर पुढं ओढायला हात वर गेला होता. तो मी खाली घेतला.

"नको," मी म्हणाले.

"क्या नको?"

"मारू नको."

"अरे, मॅडमने बोला ना, पूरा खतम करना. मी इतक्या लांबून आलो."

"मॅडम माझी सून हाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि हसला. "फिर ठीक है. सासू का हुकूम. पण चावलं तर मला फोन नको." तो जिना उतरायला लागला. मी दाराला टेकून उभी राहिले. एवढासा शब्द होता. तो त्या सकाळी आला असता तर काय काय राहिलं असतं, ते मोजत मी तिथंच उभी होते.

बाई आली ती हरभऱ्याचे डहाळे आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्या घेऊन. थकली आहे. कपाळावर कुंकू मात्र तसंच, मेणावरचं. गॅलरीत जाऊन तिनं डोळे बारीक करून मोहोळ बघितलं आणि कितीतरी वर्षांनी हसली. "तिसऱ्या मजल्यावर! माशीला बी फ्लॅट पायजे झाला."

बिल्डिंगच्या मागं मोकळ्या प्लॉटमध्ये एक शेवगा आहे, फुलांनी लगडलेला. दिवस कलल्यावर, सगळ्या माशा घरी आल्यावर बाईनं कढीपत्त्याची मोहोळ लागलेली फांदी अलगद कापली. जिन्यानं आम्ही दोघी एकेक पायरी उतरलो. शेवग्यापाशी मी फांदी धरली, जशी ते धरायचे. बाई चिंधी गुंडाळायला लागली.

"बायांनो, घर बदलते. पोरं सोबतच हायेत."

माशा माझ्या मनगटावर आल्या होत्या. माझे हात अडकलेले, तिचेही अडकलेले. एकमेकींकडं बघायचं कारण नव्हतं.

"बाई," मी म्हणाले, "त्या सकाळी त्यांनी सांगितलं नव्हतं. फवारणाऱ्यानं मला विचारलं, आणि मी मान हलवली. त्यांनी संध्याकाळचंच सांगितलं होतं."

तिचे हात थांबले. एक माशी तिच्या बोटावरून चालत नखापर्यंत गेली आणि परत फिरली. मग बाईनं गाठ मारली, ओढून बघितली, दुसरी मारली.

"मी त्याला घाईचा माणूस म्हणलं."

"व्हय."

"मेल्यावर म्हणलं. तू ऐकलंस."

"व्हय बाई."

"मरेस्तोवर मी त्याला पाणी विचारलं नाय, धाकटे."

ती खाली मातीत बसली, त्या दिवशी सरीत बसली होती तशी. बऱ्याच वेळानं म्हणाली, "तुझा राग यायला पायजे मला. येईल. घरी गेल्यावर येईल." मग हात पुढं केला, मी तिला उठवलं.

रात्री सून आली. औषधवाल्याचा तिला फोन गेला होता. कापलेली फांदी बघून म्हणाली, "आई, तुम्ही नको म्हणालात? तुम्ही?" आणि बाईकडं बघून हसायला लागली. रागावणार होती, राहून गेलं.

सकाळी निघताना बाई फोटोपुढं उभी राहिली. "भाऊजी," ती म्हणाली, "गड्डा भरू द्या. पहिला तुकडा तुमचा." आणि डोळे पुसत जिना उतरली.

मी शेवग्याखाली परातीत खडे टाकून पाणी ठेवायला लागले. नात सोबत यायची, खडे ती वेचायची. आठ दिवस मोहोळ राहिलं. नवव्या दिवशी गेले तर पोळी उघडी होती. एकही माशी नव्हती. मधाचा गड्डा माशांनी कोरून नेला होता. बाईनं आधीच सांगितलं होतं, हलवलेलं मोहोळ राहीलच असं नाय, त्यांच्या मनावर असतं. तरी मी तिथं उभी राहिले. पहिला तुकडा राहून गेला. आता तो कधी द्यायचा?

मी फोन केला. "गेलं, बाई."

"मेलं का गेलं?"

"गेलं. एकही मेलेली नाही."

"मग ठीक हाय." ती थांबली. मला वाटलं आता राग येईल. "पोळी हाय ना?"

"हाय. कोरडी."

"मेण काढ मग. रीत आठवते ना? माझं सरत आलंय. यंदा डबी तू भर."

मी पोळी उकळली, मलमलीच्या कापडातून पिळली. अंगठ्याएवढं मेण निघालं. जुनी पितळी डबी चिंचेनं घासून त्यात भरलं. मला ते लावायचं नाही, आणि ज्यांच्यासाठी लावत होते ते नाहीत. बुधवारी मी एकटी पैठणची एसटी धरणार आहे, सुनेनं गाडी कुठं लागते ते कागदावर लिहून दिलंय. डबी फोटोपुढं ठेवली आहे. येता-जाता झाकण उघडते, वास घेते आणि पुन्हा लावते.